बा घर पाहून येतो

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. दुपारी अडीच वाजता मी बारावं घर पाहायला बसले.

पाहायला म्हणजे लॅपटॉपसमोर. घर होतं पोर्तुगालमध्ये, कोविल्या नावाच्या डोंगरउतारावरच्या गावात, आणि मी होते आर्णीपासून सात किलोमीटरवर, आमच्या तांड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत. बाहेर चव्वेचाळीस अंश तापमान होतं. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि त्याच्या गवताचा ओला वास खोलीभर पसरला होता. दाराजवळच्या खाटेवर माझा बा, लखीराम आडे, वय चौऱ्याहत्तर, पोटावर हात ठेवून पडला होता. अकराला जेवायचं, बाराला आडवं व्हायचं, दोनला उठून चहा मागायचा आणि पुन्हा पडून राहायचं, हा त्याचा उन्हाळ्याचा क्रम.

माझं नाव राखी. मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टीत खोट कुठे आहे ते शोधायचं, ती खोट पुन्हा घडवून बघायची आणि नीट लिहून कळवायची, हे माझं आठ वर्षांचं काम आहे. कंपनी डेन्मार्कची. माणसं आपापल्या घरी बसून काम करतात. मी आधी पुण्यातून करायचे. आमची याडी, म्हणजे आई, गेली तेव्हा बा एकटा पडेल म्हणून दोन महिन्यांसाठी तांड्यात आले. त्याला तीन वर्षं झाली.

पोर्तुगालला जायचं मी दिवाळीत ठरवलं. का, असं शामभाऊने विचारलं तेव्हा मला धड सांगता आलं नाही. जायची इच्छा अजून शिल्लक होती आणि ती फार दिवस टिकेल असं वाटत नव्हतं, एवढंच खरं. शामभाऊ माझा थोरला भाऊ. त्याचं आर्णीत दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. मी गेल्यावर बाला तो आपल्याकडे नेणार होता. बा यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

अडचण घराची होती. व्हिसाचं काम बघणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की आधी वर्षभराचा भाडेकरार दाखवावा लागेल. म्हणजे ज्या घराचा उंबरा ओलांडला नाही त्याच्यावर सही करायची. मी कामाच्या पद्धतीनेच सुरुवात केली. दाखवणाऱ्याने आधी रस्त्यावर उभं राहून गल्लीच्या नावाची पाटी दाखवायची, मग मीटर, मग सगळे नळ एकदम सोडायचे, खिडक्या उघडून खाली बघायचं, कपाटं भिंतीपासून हातभर ओढायची. या पद्धतीने अकरा घरं बाद झाली. एका घराचे फोटो दुसऱ्याच शहरातले निघाले. एकाच्या खिडकीबाहेर हात लांबवला तर भिंतीला लागेल एवढं अंतर, आणि फोटोत तिथे पडदा. एका मालकाने कॅमेरा सुरू करायलाच नकार दिला. अकरा घरांत मी इतकी थकले होते की रोज अडीच वाजले की डोळ्यांच्या मागे दुखायला लागायचं.

घरं दाखवायला रुई नावाचा तिथला एक दलाल होता. पन्नाशीचा, चढ चढताना धापा टाकणारा, इंग्रजी बेताचं. पण माणूस सरळ होता.

त्या दिवशी रुई फोन हातात धरून जिना चढत होता. पायऱ्या दगडी, अंधाऱ्या. मी त्याचे बूट बघत होते.

"सांग त्याले," खाटेवरून बा म्हणाला, "वरची पायरी फुटेल आहे."

घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची भाषा, बोलतो. बाचं बोलणं मी इथे वऱ्हाडीत लिहिते आहे, कारण बाहेरच्या माणसांशी तो तसंच बोलायचा.

मी मागे वळून बघितलं. बाचे डोळे मिटलेले होते. तेवढ्यात रुई अडखळला. पडद्यावर छत दिसलं, मग त्याची हनुवटी. तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि पुढे गेला.

"मागल्या खोलीत कपाटामागं वल आहे," बा म्हणाला. "भल्ली वल. वास येते."

मी रुईला मागच्या खोलीतलं कपाट ओढायला सांगितलं. कपाट जड होतं, त्याला वेळ लागला. मागची भिंत गुडघ्यापासून छातीपर्यंत काळी होती, कोळशाची भुकटी फासल्यासारखी.

फोन ठेवल्यावर मी खाटेजवळ गेले.

"बा, तुले कसं समजलं?"

"पाहून आलो ना."

"कधी?"

"आत्ता, झोपलतो तवा. तथी सकाळ होती." त्याने कूस बदलली. "च्या ठेव."

माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. कारण शोधलं. बाने जाहिरातीतले फोटो बघितले असतील. पण फोटोत पायरी नव्हती, कपाटामागची भिंत तर नव्हतीच, आणि बाला लॅपटॉप उघडता येत नाही. मग योगायोग. जुन्या घरात पायरी फुटकी असते, कपाटामागे ओल असते. माझ्या कामात एक नियम आहे. एकदा घडलं तर लक्षात ठेवायचं, दुसऱ्यांदा घडलं तर नोंदवायचं.

दुसऱ्या दिवशीच्या घराबद्दल मी बाला काहीच दाखवलं नाही. जेवताना फक्त गल्लीचं नाव सांगितलं, तेही अवघड असल्यामुळे दोनदा. त्याने भाकर वरणात कुस्करता कुस्करता ते एकदा ओठांत म्हणून बघितलं. बाराला झोपला. दोनला उठला तेव्हा बराच वेळ खाटेच्या काठावर बसून राहिला. दोन्ही पोटऱ्या हातांनी दाबत होता.

"तीन माळे चढा लागते," तो म्हणाला. "खाली दारात म्हातारं कुत्रं बसून आहे, एका डोळ्यानं आंधळं. वर ऊन येत नाई. नको घेऊ."

अडीच वाजता रुईने रस्त्याची पाटी दाखवली, मग दार. दारात पिवळसर रंगाचं कुत्रं झोपलं होतं. त्याने मान वर केली. डावा डोळा दुधासारखा पांढरा होता.

मी रुईला म्हटलं, वर जायची गरज नाही.

त्याच दिवशी मला बाच्या धोतराचा काठ दिसला. खालची दोन बोटं रुंदीची पट्टी ओली होती. कूलरचं पाणी उडालं असेल म्हणून मी खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली. पुढच्या दुपारी पुन्हा ओली. मी त्याच्या तळव्यांना हात लावला. बाहेर जमिनीवर पाय ठेवला तर फोड येतील असं ऊन, आणि त्याचे तळवे माठाच्या बुडासारखे गार होते. टाचेच्या भेगेत एक करडा खडा अडकला होता. आमच्याकडची माती काळी आहे. खडा मी सुईने काढला आणि टेबलावर ठेवला. 

"बा, तू कसा जातो?"

"तू नाव सांगते ना. त्या दिशेनं चालतो."

"लय दूर आहे ते."

"दूरच आहे," तो म्हणाला. "माहा आजा मिठाचे बैल घेऊन जाये तवा तांड्याच्या एक दिवस पुढं एक मानूस जाये. पानी कुठी आहे, चारा कुठी आहे, पाहून ये. मंग तांडा हाले. पाह्यल्याशिवाय बायापोरं कोनी नेते का?"

एवढं बोलून त्याला धाप लागली. मी पाणी दिलं.

यानंतरचं लिहायला मला बरं वाटत नाही. मी त्याला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. रोज जेवताना मी त्याला एक नाव सांगायला लागले. तो जाऊन यायचा आणि सांगायचा. एका घराच्या खाली दारूचं दुकान होतं आणि लोक भिंतीला लागून उभे राहत. एका घरात वरच्या मजल्यावर कुणीतरी सारखं खुर्ची ओढत होतं. एका घरातल्या चुलीजवळ गॅसचा वास येत होता. मी रुईला तेवढंच तपासायला सांगायचे आणि ते तसंच निघायचं. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत व्हायला लागलं. डोळ्यांच्या मागचं दुखणं थांबलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या वाटचं काहीतरी उचललं होतं.

बा वाळत चालला होता. गालफडं दिसायला लागली. सकाळी संडासला जाताना काठी असूनही दोनदा थांबायचा. शेजारची पंचफुलाकाकी एकदा ताक घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"राखी, काय झालं वं लखीरामदादाले? दिवसभर चालून आल्यावानी दिसते."

"ऊन लय आहे काकी."

"ऊन मलेबी आहे," ती म्हणाली आणि ताकाचं भांडं माझ्या हातात देऊन बाकडे बघत राहिली. बा झोपला होता. झोपेत त्याच्या पायाची बोटं हलत होती.

सतराव्या घराच्या दिवशी रुई फोनवर आला तो थोडा संकोचलेला होता.

"एक विचारू का? तुमच्यासाठी इथे आणखी कोणी घरं बघतंय का?"

"नाही. का?"

"मालक लोक विचारतात. माझ्या आधी, सकाळी, एक म्हातारे गृहस्थ येऊन जातात म्हणे. पांढरे कपडे, डोक्याला लाल कापड गुंडाळलेलं. बोलत काही नाहीत. खिडकीतून खाली बघतात, भिंतीवर तळहात ठेवतात, जाताना हात जोडतात. त्रास कसलाच नाही." तो हसला. "फक्त नळ उघडे ठेवून जातात."

आमच्या तांड्यात नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. आलेलं कळावं म्हणून तोटी उघडीच ठेवायची सवय सगळ्यांना आहे.

"त्यांना दार कोण उघडतं?" मी विचारलं.

"तेच मीही त्या लोकांना विचारलं," रुई म्हणाला. 

त्या दिवशी मी घर न बघताच फोन ठेवला. बा खाटेवर उठून बसला होता. लाल पागोटं मांडीवर घेऊन त्याचे पदर सारखे करत होता.

"बा, आता जाऊ नको. मले घर नाही पाहिजे. मी शामभाऊले सांगते, मी नाही जात म्हणून."

"काहून?"

"तू थकला."

"थकलो तर आहे." त्याने पागोटं बाजूला ठेवलं. "पन पाह्यलं म्या एक. तू नाव नव्हतं सांगतलं, वापस येता येता दिसलं. उतारावर आहे. खाली नाला वाहते, त्याच्या कडेला आपल्या जिनिंगसारखं काही आहे, बंद पडेल. सरकीचा वास नाई येत पन, मेंढराच्या केसाचा येते. सकाळून ऊन थेट चुलीपर्यंत येते. वल नाई. खाली एक बाई राहते एकटी, काया कपड्यातली. वरच्या दोन खोल्या देते." तो थांबला. "भल्लं चांगलं आहे माय. झोप लागते तथी."

"तू झोपला तिथं?"

 त्याने ताक मागितलं आणि सगळं प्यायला.

अशी जाहिरात कुठेच नव्हती. मी दोन तास शोधलं. शेवटी रुईला लिहिलं: बंद लोकरगिरणीजवळ, नाल्याच्या वर, खाली एकटी बाई. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. घर आहे. बाईचं नाव दोना इल्दा. तिने जाहिरात दिलेलीच नाही, खिडकीच्या काचेला हाताने लिहिलेला कागद चिकटवला आहे, तोही परवापासून. तुम्हाला कसं कळलं?

मी लिहिलं, कुणीतरी सांगितलं.

आता बाला पाठवायचं नाही, मी स्वतः बघायचं, सही करायची आणि हे संपवायचं असं मी ठरवलं. त्या दुपारी मी कोणतंच नाव घेतलं नाही. बा जेवला नेहमीपेक्षा थोडं जास्त. बाराला झोपला. दोनला उठला नाही. थकला आहे, झोपू दे, असं म्हणून मी चहा एकटीचाच केला आणि अडीचला लॅपटॉप उघडला.

रुईने गल्लीची पाटी दाखवली. नाला दाखवला, गिरणीच्या फुटक्या खिडक्या दाखवल्या. दारात दोना इल्दा उभी होती, सत्तरीची, काळा झगा, कमरेला बांधलेल्या कापडाला हात पुसत. तिने फोनकडे बघून मान लववली. वर जायला नऊ पायऱ्या, सगळ्या धड. स्वयंपाकघरात ऊन चुलीपर्यंत आलं होतं. रुईने नळ सोडले. पाणी जोरात आलं आणि येत राहिलं. कपाट ओढलं. भिंत कोरडी. मीटर चालू. खिडकीखाली पेरूच्या झाडाएवढ्या उंचीचं लिंबाचं झाड.

माझ्या यादीत काही उरलं नाही. इतक्या दिवसांनी मला खुर्चीत मागे टेकावंसं वाटलं.

"दुसरी खोली?" मी विचारलं.

दोना इल्दा त्या खोलीच्या दारासमोर आली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली.

"ती म्हणते, आवाज नको," रुई म्हणाला. "ते झोपलेत."

"कोण?"

"तुमचे वडील." त्याच्या आवाजात थोडं आश्चर्य होतं. "ते आधीच आलेत हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. त्यांनी हाताने उंची दाखवून तिला समजावलं म्हणे, मुलगी येणार आहे म्हणून."

मी वळून बघितलं. बा खाटेवर होता. पोटावर हात. छाती वर जात होती, खाली येत होती.

"मला ती खोली बघायची आहे," मी म्हटलं.

रुईने दार ढकललं. लोखंडी पलंग, पांढरी चादर, चारही कोपरे गादीखाली खोचलेले. चादरीवर एक सुरकुती नव्हती. पलंगावर कोणी नव्हतं.

"बघा," रुई कुजबुजला. "गाढ झोपलेत."

"रुई, तुम्हाला काय दिसतंय?"

"अंधार वाटतो का? थांबा."

त्याने खिडकीची झडप उघडली. पलंगावर ऊन पडलं. चादर स्वच्छ, सपाट, रिकामी होती.

मागून दोना इल्दा काहीतरी म्हणाली.

"ही तिच्या नवऱ्याची खोली," रुईने सांगितलं. "तो हिवाळ्यात वारला, तेव्हापासून रिकामी होती. आता घरात माणूस आहे, बरं वाटतं म्हणते."

मी खुर्चीवरून उठले आणि खाटेजवळ गेले.

"बा."

तो हलला नाही.

"बा, उठ. बा!"

"हळू," लॅपटॉपमधून रुई म्हणाला. "दचकले ते."

मी बाचा खांदा धरून हलवला. खांदा गरम होता, सैल होता. श्वास चालला होता. डोळे मिटलेले.

"उठून बसले," रुई म्हणाला. "तुमचा आवाज शोधतायत. फोनकडे बघत नाहीत, छताकडे बघतायत."

मी गोरबोलीत म्हटलं, बा, घरी चल. ओरडून म्हटलं.



"मान हलवतायत," रुई म्हणाला. "नाही म्हणतायत."

लाईन गेली.

कूलरचं पातं हळूहळू थांबलं. पडदा गोठून मग काळा झाला. खोलीत कसलाच आवाज राहिला नाही. बाहेरच्या पत्र्यावर उन्हाचा टिकटिक आवाज तेवढा येत होता.

मग बाने डोळे उघडले.

त्याने आधी छत बघितलं, मग कूलर, मग भिंतीवरचा याडीचा फोटो. मग मला. परक्या गावी रात्र काढून सकाळी जाग आल्यावर माणूस जसा बघतो, तसा. घाबरून नाही. आपण कुठे आहोत ते आठवायचा प्रयत्न करत.

शामभाऊ गाडी घेऊन आला. आम्ही बाला यवतमाळला नेलं. डोक्याची तपासणी झाली, रक्ताची झाली. मेंदूत काही नाही, लकवा नाही, वय झालं, धक्का बसला असेल, डॉक्टर म्हणाले. खातात ना? खात होता. चालतात ना? काठी न घेता चालत होता. बोलत नव्हता. आमच्यापैकी कुणाचं नाव घेतलं तर मान वळवत नव्हता. टाचांच्या भेगा मात्र आठवड्यात भरून आल्या.

शामभाऊने त्याला आर्णीला नेलं. जयावहिनी, शामभाऊची बायको, मनापासून करते. तिनेच एकदा मला बाजूला घेऊन विचारलं.

"राखी, तू बाले तुम्ही म्हनून राह्यली. काहून?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आयुष्यभर मी त्याला तू म्हणत आले. मी पुन्हा तू म्हणून बघायचा प्रयत्न केला. जीभ वळली नाही.

रुईचे निरोप येत राहिले. ते बरे आहेत. सकाळी नाल्यापर्यंत जाऊन येतात. दोना इल्दाच्या अंगणातली नळी कुठे गळते ते त्यांनीच शोधलं. तुम्ही कधी येता, असं खुणेने विचारतात. मी त्याला कधीच सांगितलं नाही की ते इथे आहेत. कोणाला काय सांगायचं तेच मला समजत नव्हतं. मे महिन्यात मी करारावर सही केली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा आला.

शामभाऊ चिडला होता.

"बा असा झाला अन् तू चालली? तुह्याच्यानं जाववते कसं?"

 बाला एकटं ठेवायचं नाही म्हणूनच मी चालले आहे, हे त्याला कसं सांगायचं? त्याने मला दवाखान्यात नेलं असतं. कदाचित त्याचं बरोबरही असतं. मी माझ्याकडच्या सगळ्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी मला एकच ओळ लिहावी लागत होती, कारण समजलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी आर्णीला जेवायला गेले. दुपारचे बारा वाजले होते. पाऊस उघडला होता, दुकानातून शामभाऊच्या गाडी धुण्याच्या पंपाचा आवाज येत होता. जयावहिनीने खाली ताटं मांडली. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. बाचं ताट तिने खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवलं, कारण आता त्यांना खाली मांडी घालून बसता येत नाही.

आयुष्यभर ते खालीच बसून जेवले होते. गुडघे दुखत असतानाही.

"पाय काही दुखत नाही त्याईचे," जयावहिनी म्हणाली. "पन मांडी घालाले सांगतलं की नुसते पाहत राहते. अन् हे दुसरं पाह्य. आठ दिवस झाले, जेवाच्या आधी हात असा आपोआप फिरते. नसेचं काही असन का?"

मी बघितलं. त्यांनी उजव्या हाताची बोटं जुळवली. कपाळाला लावली. मग छातीच्या मध्यभागी. मग डाव्या खांद्याला. मग उजव्या. ख्रिस्ती लोक काढतात तशी क्रुसाची खूण. सावकाश, न चुकता, ज्याला हे करायला विचार करावा लागत नाही अशा माणसासारखं. शेवटी अंगठा ओठांना लावला.

मग त्यांनी घास घेतला नाही. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत थांबले, मीही तसंच करीन म्हणून.